ऑपरेशन झालं, आता हाताचं काय?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या आरोग्य शिबिरातील भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

स्तनाच्या कॅन्सरवर आपल्या शिबिरांमध्ये बोलणं होतं ते बहुतेक वेळा गाठ कशी ओळखायची, डॉक्टरकडे वेळेवर का जायचं, यावर. ते हवंच. आपल्या देशातल्या बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा आहे. २०२२ साली भारतात अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना तो झाला. पण आज मी त्याच्या पुढचं बोलणार आहे. ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक झाला, बाई वाचली, घरी आली. सगळे म्हणतात, सुटलीस. आणि मग काही महिन्यांनी तिचा हात सुजायला लागतो.

मी स्वतः या ऑपरेशनमधून गेले आहे. माझ्या डाव्या काखेतल्या १७ ग्रंथी काढल्या. घरी सोडताना हातात जे कार्ड दिलं त्यावर गोळ्यांची यादी होती, पुढच्या तारखा होत्या आणि हाताबद्दल एकच ओळ होती: 'डावा हात जपा.' जपायचा म्हणजे काय करायचं? किती दिवस? कशापासून? ते कुणी सांगितलं नाही. पुढे गटातर्फे मी अशा बायकांबरोबर हॉस्पिटलात जायला लागले. हॉस्पिटलं वेगळी, डॉक्टर वेगळे, पण कार्डावरची ओळ तीच. म्हणून आज फक्त हाताबद्दल.

काखेत असतं काय?

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. 'काखेतल्या गाठी काढल्या' असं आपण म्हणतो. त्यामुळे बाईला वाटतं, काखेतसुद्धा कॅन्सरच्या गाठी होत्या. तसं नेहमी नसतं. तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच काखेत साधारण २० ते ३० लहान लहान लसिकाग्रंथी असतात. डॉक्टर त्यांना लिम्फ नोड म्हणतात. रक्तवाहिन्यांमधून थोडं पाणी आणि प्रथिनं सतत बाहेर झिरपत असतात. ते परत रक्तात नेऊन सोडायला शरीरात बारीक नळ्यांचं जाळं आहे. हाताचं आणि स्तनाचं हे पाणी काखेतल्या ग्रंथींमधून गाळून पुढे जातं. स्तनातल्या कॅन्सरच्या पेशी बाहेर पडल्या तर बहुतेक वेळा आधी इथेच पोचतात. म्हणून डॉक्टर या ग्रंथी काढून तपासतात.

ग्रंथी काढल्या की पाण्याच्या वाटा तुटतात. रक्ताला ढकलायला हृदय आहे, तसा या पाण्याला स्वतंत्र पंप नाही. नळ्या स्वतः आकुंचन पावतात, हाताचे स्नायू हलले की त्यांच्यावर दाब येतो, खोल श्वास घेतला की छातीकडे ओढ बसते, आणि पाणी पुढे सरकतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. हात हलवला तर पाणी हलतं.

पहिलं पाणी: जखमेतलं

ऑपरेशननंतरचं पाणी दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं पाणी लगेच साठतं. कातडीखाली जी पोकळी राहते तिच्यात ते उतरतं. म्हणून काखेतून नळी काढून फुग्यासारखी बाटली लावतात. या नळीला ड्रेन म्हणतात. आजकाल बायकांना ड्रेनसकट घरी पाठवतात आणि घरी त्या बाटलीकडे बघायलाही कुणी तयार नसतं. तिथे कार्यकर्तीचं काम सुरू होतं. रोज ठरलेल्या वेळी, हात साबणाने धुऊन, बाटलीवरच्या खुणेवर पाणी किती ते बघायचं आणि वहीत तारखेसह लिहायचं. बाटली रिकामी करून, दाबून हवा काढून परत बंद करायची. नळीला पीळ पडलेला नाही ना ते बघायचं. पाणी आधी लालसर असतं, मग फिकट पिवळं होतं आणि कमी होत जातं. २४ तासांत साधारण ३० मिलिलिटरच्या खाली, असं सलग दोन दिवस राहिलं की बहुतेक डॉक्टर नळी काढतात. ती वही डॉक्टरांना दाखवायची. 'थोडं येतंय' आणि '२५ आलं' यांत फरक आहे.

नळी काढल्यावरही काखेत किंवा छातीवर पाण्याचा फुगवटा येऊ शकतो. याला सेरोमा म्हणतात. तो बऱ्याच जणींना होतो, त्याचा अर्थ कॅन्सर परत आला असा नाही. लहान असेल तर आपोआप जिरतो. ताण पडत असेल तर डॉक्टर सुईने पाणी काढतात, कधी दोन-तीनदा काढावं लागतं. तो घरी दाबायचा नाही, शेकायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही. ताप आला, जागा लाल आणि गरम झाली, घाण वास आला, बाटलीत एकदम लालभडक रक्त आलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

हे पाणी कमी करायला डॉक्टरांच्या हातातही काही असतं. कातडी खालच्या स्नायूला टाके घालून चिकटवली तर पोकळी कमी राहते आणि पाणी कमी साठतं. असे टाके घालणार का, हे ऑपरेशनआधी विचारायला हरकत नाही.

आणि व्यायाम? इथे दोन्ही टोकं चुकीची आहेत. पहिल्या दिवसापासून हात डोक्यावर न्यायचे व्यायाम केले तर ड्रेनमधून जास्त पाणी येतं आणि नळी जास्त दिवस ठेवावी लागते, असं अभ्यासांतून दिसलं आहे. पण हात पोटाशी धरून महिनाभर बसलं तर खांदा आखडतो, आणि खांदा वर गेला नाही तर रेडिएशनच्या टेबलावर नीट झोपताही येत नाही. म्हणून पहिला आठवडा मूठ उघडणं-मिटणं, मनगट फिरवणं, कोपर वाकवणं, जेवणं, केस विंचरणं, सगळं खांद्याच्या उंचीच्या खाली. त्यानंतर डॉक्टरांना विचारून हळूहळू वर. भिंतीवर बोटांनी चढायचं आणि रोज कुठवर पोचलं तिथे पेन्सिलीची खूण करायची. या साध्या युक्तीने कितीतरी खांदे मोकळे झालेले मी पाहिले आहेत.

दुसरं पाणी: हातातलं

दुसरी सूज उशिरा येते. कधी दोन-तीन महिन्यांनी, बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत, काहींना त्याहूनही नंतर. हाताचं पाणी वर जायला वाट पुरत नाही, म्हणून ते हातातच राहतं. इंग्रजीत लिम्फिडीमा म्हणतात, आपण हातसूज म्हणू. २०१३ साली जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या साधारण पाचातल्या एका बाईला ही सूज येते असं त्यात दिसलं. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या तर १०० पैकी सुमारे २० जणींना, मोजक्याच काढल्या तर सुमारे ६ जणींना. काखेला रेडिएशन झालं असेल, वजन जास्त असेल, हाताला जंतुसंसर्ग झाला असेल तर धोका वाढतो.

सुरुवात अगदी गुपचूप होते. हात जड वाटतो. ब्लाउजची एकच बाही काचते. अंगठी निघत नाही. संध्याकाळी बांगडीचा वळ उठतो आणि सकाळी नसतो. बाई कुणाला सांगत नाही, कारण आधीच आपल्यावर एवढा खर्च झाला, आता आणखी काय सांगायचं! आणि नेमक्या याच दिवसांत उपाय सर्वांत सोपा असतो. दाबाची बाही, म्हणजे स्लीव्ह, मापाची घेऊन काही आठवडे वापरली, व्यायाम केला, तर सूज बहुधा उतरते. वर्ष गेलं की त्या पाण्यातल्या प्रथिनांमुळे आतला भाग कडक आणि चरबीचा होत जातो आणि मग हात पूर्ववत होणं कठीण असतं.

म्हणून मोजा. शिवणकामाची टेप पुरते. ऑपरेशनच्या आधी, दोन्ही हातांची मापं घ्यायची: मनगटाच्या हाडापाशी, मग तिथून वर दर १० सेंटिमीटरवर, दंडापर्यंत. वहीत लिहायची. ऑपरेशननंतर दर तीन महिन्यांनी, त्याच जागी, तशीच. उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून आधीचं माप हवं. आधीच्या मानाने फरक २ सेंटिमीटरच्या आसपास गेला की सूज आहे असं धरतात. पण तेवढं होईपर्यंत थांबू नका. हात जड वाटला तरी दाखवा.

'जपा' म्हणजे काय?

आता त्या कार्डावरच्या ओळीकडे येते. ती ओळ आली कुठून?

अमेरिकेत विल्यम हॅलस्टेड नावाच्या सर्जनने १८९४ साली आपल्या ऑपरेशनची माहिती प्रसिद्ध केली. त्यात स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतलं सगळं काढलं जाई. पुढची ७०-८० वर्षं तेच ऑपरेशन चाललं. हात इतके सुजत की स्वतः हॅलस्टेडनेच १९२१ साली त्यावर लेख लिहिला आणि त्याला 'शस्त्रक्रियेमुळे होणारा हत्तीरोग' अशा अर्थाचं नाव दिलं. मग बायकांना सांगणं सुरू झालं: या हाताने उचलू नका, ओढू नका, जोर लावू नका. यामागे अनुभव होता, भीती होती, पण कुणी नीट तपासून पाहिलं नव्हतं.

तपासलं ते फार उशिरा. १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरने ऑपरेशन झालेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोट वल्हवायला शिकवलं. ही लांबलचक होडी, जोरजोरात वल्ही मारायची. हात सुजतील असं सगळे म्हणत होते. कुणाला नवी सूज आली नाही. पुढे अमेरिकेत कॅथरीन श्मिट्झ यांनी मोठे अभ्यास केले. २००९ साली आलेल्या अभ्यासात आधीच हातसूज असलेल्या १४१ बायका होत्या. निम्म्या जणींनी वर्षभर आठवड्यातून दोनदा, बाही घालून, हलक्या वजनापासून सुरू करून हळूहळू वाढवत वजनं उचलली. सूज वाढली नाहीच, उलट दुखणं उसळण्याचं प्रमाण १०० मध्ये १४ राहिलं; न उचलणाऱ्यांत ते २९ होतं. २०१० सालच्या अभ्यासात सूज नसलेल्या बायका होत्या. ज्यांच्या ५ किंवा जास्त ग्रंथी काढल्या होत्या त्यांच्यात वजन उचलणाऱ्या ७ टक्के जणींना सूज आली, न उचलणाऱ्या २२ टक्के जणींना. त्याच वर्षी स्पेनमधल्या एका अभ्यासात ऑपरेशननंतर लगेच तीन आठवडे फिजिओथेरपी मिळालेल्यांपैकी ७ टक्के आणि फक्त माहिती मिळालेल्यांपैकी २५ टक्के बायकांना वर्षभरात सूज आली.

म्हणजे हाताला हळूहळू ताकद देणं हेच जपणं. पण मैत्रिणींनो, इथे एक पळवाट निघू शकते. 'हात वापरायला सांगितलाय ना, मग आण पाणी' असं कुणी म्हणालं तर? तिसऱ्या आठवड्यात भरलेला हंडा उचलायला लावणं हा व्यायाम नव्हे. व्यायामात वजन आपण ठरवतो, अर्ध्या किलोपासून चढवतो, हात जड झाला की थांबतो. घरकामात यातलं काहीच बाईच्या हातात नसतं. पिळायचे कपडे, थापायच्या भाकरी, धरायचं मूल, यांचं वेळापत्रक दुसरेच ठरवतात.

आणि याच्या उलट टोकालाही घरं आहेत. तिथे बाईला काहीच करू देत नाहीत, 'आता ती निकामी' असं धरून चालतात. दोन्हीकडे सूज आली की प्रश्न एकच: 'तू काहीतरी केलं असशील.' कार्डावरची ओळ अशा वेळी बाईवरचा आरोप होते. ग्रंथी काढल्या म्हणून सूज आली, बादली उचलली म्हणून नव्हे, हे घरात मोठ्याने सांगणारं माणूस लागतं. ते आपण व्हायचं.

सुया आणि रक्तदाबाचंही तसंच. २०१६ साली अमेरिकेत ६०० हून जास्त बायकांच्या अभ्यासात त्या हातातून रक्त घेणं, इंजेक्शन, रक्तदाब मोजणं, विमानप्रवास यांमुळे सूज वाढल्याचं दिसलं नाही. शक्य असेल तेव्हा दुसरा हात द्या, पण अडचणीच्या वेळी घाबरून उपचार अडवू नका. याच अभ्यासात धोका दिसला तो जास्त वजनाचा आणि जंतुसंसर्गाचा.

जंतुसंसर्गाला मात्र जपायचंच. हात एकदम लाल, गरम, ठणकणारा झाला, थंडी-ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि अँटिबायोटिक. एकेका संसर्गाने उरलेल्या वाटाही बुजतात. शेतात, विळा-खुरपं धरताना, भांडी घासताना हातमोजे घाला. कापलं, काटा रुतला की लगेच साबणाने धुवा. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या मैत्रिणींना हे नवं नाही. तिकडे हत्तीरोगाच्या कामात सुजलेला पाय रोज धुवायचा, बेचक्यांतून कोरडा करायचा, भेगांना मलम लावायचं, हे शिकवतात. रोगाचं कारण वेगळं, पण तुंबलेलं पाणी तेच आणि कातडीची निगाही तीच.

आणि बांगड्या. घट्ट बांगडी त्या हातात नको, हे खरं. पण बाईच्या हातातून बांगड्या काढायच्या म्हटलं की आपल्याकडे त्याचा अर्थ काय लावतात ते तुम्हाला माहीत आहे. मी एका घरी सासूबाईंना समजावताना पाहिलं, सुनेचा जीव वाचला याचा आनंद बाजूला आणि रिकाम्या मनगटाची चर्चा पुढे. माझं सांगणं एवढंच: सैल बांगडी चालते, काहीही न घालणंही चालतं, आणि ते ठरवायचं त्या बाईने.

सूज आली तर

घाबरू नका, पण भलते उपायही नकोत. तेल लावून जोरात रगडणं, गरम शेक, घट्ट फडकं बांधणं यांनी नुकसान होतं. लघवीच्या गोळ्यांनी ही सूज बरी होत नाही. पाणी कमी पिऊनही नाही. योग्य उपचाराचे चार भाग आहेत: कातडीची निगा, शिकलेल्या माणसाकडून अगदी हलक्या हाताचं मालिश, थरांनी बांधायच्या पट्ट्या, आणि पट्टी बांधलेल्या हाताचे व्यायाम. सूज उतरली की मापाची बाही दिवसभर घालायची. बाही सैल पडते, साधारण सहा महिन्यांनी बदलावी लागते. म्हणजे हा खर्च वर्षानुवर्षांचा. मला भेटलेल्या बहुतेक बायकांनी बाही स्वतःच्या पैशाने घेतली, आणि अनेक जणींनी पहिली फाटल्यावर दुसरी घेतलीच नाही.

कमी काढता येईल का?

सूज टाळण्याचा सर्वांत मोठा उपाय ऑपरेशनच्या टेबलावरच असतो. हॅलस्टेडचं ऑपरेशन आपोआप मागे पडलं नाही. रोझ कुशनर या पत्रकार बाईला १९७४ साली कॅन्सर झाला. तपासणी आणि स्तन काढणं एकाच भुलीत, बाईला न विचारता, या पद्धतीविरुद्ध ती उभी राहिली. १९७९ साली अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ-समितीत डॉक्टर नसलेली ती एकटी होती. त्या समितीने दोन्ही गोष्टींच्या विरुद्ध मत दिलं. काख मात्र तशीच रिकामी होत राहिली. १९९०च्या दशकात निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून, स्तनातलं पाणी सर्वांत आधी ज्या ग्रंथीत जातं ती पहारेकरी ग्रंथी शोधायची पद्धत आली. तिच्यात कॅन्सर नसेल तर बाकीच्या राहू द्यायच्या. ५,६०० हून जास्त बायकांच्या अभ्यासात २०१० साली दिसलं की अशा बायका तेवढ्याच जगतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तर रंग आणि महागडी यंत्रं नसलेल्या ठिकाणी काखेच्या खालच्या भागातल्याच ग्रंथी काढून तपासण्याची पद्धत अभ्यासली आहे.

पण हेही स्पष्ट सांगते. आपल्याकडे पुष्कळ बायका उशिरा पोचतात, तोवर काखेत कॅन्सर गेलेला असतो. तेव्हा ग्रंथी काढाव्या लागतात. सुजेच्या भीतीने ऑपरेशन नाकारू नका, कुणाला नाकारू देऊ नका. फक्त आधी विचारा: 'माझ्या सगळ्या ग्रंथी काढायची गरज आहे का? नसेल तर कमी काढता येतील का?'

आपण काय करायचं?

अमेरिकेत १९९८ साली कायदा झाला की स्तन काढण्याच्या ऑपरेशनचा खर्च देणाऱ्या विम्याने हातसुजेच्या उपचाराचा खर्चही द्यायचा. तरी वृद्धांच्या सरकारी विम्यात बाही बसत नव्हती. त्यासाठी पुन्हा वर्षानुवर्षं मोहीम चालवावी लागली, २०२२ च्या डिसेंबरात कायदा झाला आणि २०२४ च्या जानेवारीपासून बाही मिळू लागली. श्रीमंत देशातही मागितल्याशिवाय मिळालं नाही.

आपल्या मागण्या अशा असाव्यात. ऑपरेशनच्या आधी दोन्ही हातांची मापं केस पेपरवर लिहिली पाहिजेत. घरी सोडण्याआधी फिजिओथेरपिस्टने बाईला भेटलं पाहिजे. हाताची माहिती मराठीत, चित्रांसह, घरच्या माणसांसमोर दिली पाहिजे. पट्ट्या आणि बाही हा उपचाराचाच भाग धरून सरकारी योजनेतून मिळाल्या पाहिजेत, आणि एकदाच नव्हे, दर सहा महिन्यांनी. हाताची तक्रार घेऊन आलेल्या बाईला 'जीव वाचला ना' असं उत्तर मिळता कामा नये.

मागण्या मान्य होईपर्यंत गटाने स्वतः करायचं कामही आहे. प्रत्येक गटात दोघींनी हात मोजायला शिका, आज दुपारच्या सत्रात आपण तेच करणार आहोत. तुमच्या वस्तीत, गावात ऑपरेशन झालेल्या बायका कोण आहेत ते शोधा आणि दर तीन महिन्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जा. पहिले सहा आठवडे त्यांचं पाणी कोण भरतंय ते विचारा, आणि कुणी भरत नसेल तर नवऱ्याशी, मुलग्यांशी बोला. टेप मी आणल्या आहेत, जेवणानंतर बाहेरच्या टेबलावरून एकेक घ्या.